दोराचं दुसरं टोक

रविवारी सकाळी सव्वादहाला नवऱ्याचा कॉम्प्युटर बंद पडला. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. मागच्या खोलीतून आधी पंख्यांचा आवाज चढला, मग एकदम तुटला, आणि पाठोपाठ नवऱ्याची हाक आली. इतक्या मोठ्याने त्याने मला कित्येक महिन्यांत हाक मारली नव्हती.

"अगं, लवकर ये! गेला हा!"

"कोण गेला?"

"कोण काय! कॉम्प्युटर!"

मला बरं वाटलं. हातातलं ताट पुसून झाल्यावरच मी गेले.

तो कॉम्प्युटर मीच जोडलेला होता. एका विमा कंपनीच्या कार्यालयातली मशिनं सांभाळणं हे माझं काम. नवरा घरूनच इमारतींचे नकाशे काढतो. त्याला दणकट मशिन हवं होतं आणि खेळांचीही हौस होती, म्हणून पेटीपासून पंख्यापर्यंत सगळं मी निवडलं आणि जेवणाच्या टेबलावर बसून जोडलं. तेव्हा धाकटी बहीण आलेली होती. ती म्हणाली, "बाकीच्या बायकांच्या नशिबी आयती सवत येते. तू बाई स्क्रू आवळून आवळून स्वतःच बनवलीस."

आम्ही तिघंही खूप हसलो होतो.

संध्याकाळी सातच्या पुढे नवरा मागच्या खोलीत खेळायला बसायचा. मी पुढच्या खोलीत, ऑफिसचा लॅपटॉप घेऊन, कारण शाखांच्या तक्रारी त्याच वेळेला येतात. दोघांच्या कानांवर हेडफोन, मध्ये एक भिंत. जेवताना आम्ही दूध संपल्याचं, वीजबिल भरल्याचं, गिझर गळत असल्याचं बोलायचो. भांडण नव्हतं. भांडायला लागतं तेवढंही बोलणं उरलं नव्हतं.

आत मात्र तो बोलायचा. बर्फाच्या डोंगरावर चढायचा खेळ होता. दोघं एका दोराला बांधलेले, एकाने चढायचं, दुसऱ्याने दोर धरायचा. दोर धरणाऱ्याला तो 'भिडू' म्हणायचा. "धरलंस ना? मग सोडतो हात," असं म्हणायचा आणि मग हसायचा. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. लग्नाआधी फोनवर तो तसा हसायचा.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून दाराशी उभी राहायला लागले. त्याला झोप का लागत नाही, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात तो दवाखान्यात जायचं का टाळत होता, हे मला त्या दाराशी कळलं. भिडू बाई की पुरुष, ते काही कळेना. त्याचं बोलणं असं की क्रियापदावरून पत्ता लागू नये. "ऐकलंस?" "थकवा आला का?" मी महिनाभर एका क्रियापदासाठी कान लावून होते. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "आज उशिरा आलीस."

म्हणजे बाईच.

तर रविवार. बटण दाबलं की पंखे फिरत, आतले दिवे लागत आणि चार श्वासांत सगळं विझे. बोर्डवर मेमरीचा तांबडा दिवा अडकून राहिला होता. मी मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, खोडरबराने त्यांचे सोनेरी दात घासले. हसू येईल, पण आमच्या धंद्यात मेलेली म्हणून आणलेली निम्मी मशिनं खोडरबराने उठून बसतात. एक पट्टी लावून पाहिली, मग दुसरी, मग खाचा बदलून. मशिन सुरू झालं, पण निळ्या पडद्यावर येऊन थांबलं. दुरुस्तीचे उपाय दोनदा करून पाहिले. डिस्क धड होती, तिच्यावरची सिस्टीम फाटली होती.

"सिस्टीम नव्याने टाकावी लागेल," मी म्हणाले.

नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "म्हणजे सगळं पुसणार?"

"तुझे नकाशे बाहेरच्या डिस्कवर आहेत. बाकी ठेवण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. खेळ परत बसेल ना?"

"बसेल."

"होता तसाच?"

"तसाच म्हणजे कसा?"

"काही नाही गं. तू कर तुझं."

जुन्या फायली राखूनही नवी सिस्टीम टाकता येते. मी राखल्या नाहीत. पडद्यावर डिस्कचे भाग ओळीने दिसत होते. ते एकेक निवडून मी पुसत गेले, खरकटा ओटा पुसावा तशी, कोपरे न सोडता. नेटची तार आधीच उपसून ठेवली होती. ती माझी कामावरची सवय आहे. नवी सिस्टीम उभी राहीपर्यंत तिला बाळंतिणीसारखं जपायचं, बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही. या मशिनमध्ये वायफाय नाही. ती तार सोडली तर त्याला बाहेरचं जग नाही.

दुपारी सगळं बसलं. कोरा निळा पडदा, कोपऱ्यात कचऱ्याची रिकामी टोपली. नवरा भाजी आणायला गेला होता. मी आवाज तपासायला घेतला. त्याचा हेडफोन डोक्यावर चढवला. कानाच्या गाद्या त्याच्या केसांच्या तेलाने मऊ झालेल्या होत्या. माइकची चाचणी लावली आणि म्हणाले, "एक, दोन, तीन."

मग रेकॉर्डिंग लावलं.

"एक, दोन, तीन," माझा आवाज म्हणाला. मग थोडी शांतता. मग बारीक हसू. मग, "आलास?"

आवाज माझाच होता, त्यात शंका नाही. ऑफिसात तक्रारींच्या फोनची, माझ्याच आवाजातली रेकॉर्डिंग मी रोज ऐकते. पण मी हसले नव्हते. आणि 'आलास' हा शब्द तसा, शेवटाला किंचित उचलून, मी गेली काही वर्षं कुणाला म्हटला नव्हता.

पुन्हा लावलं. "एक, दोन, तीन." पुढे काही नाही. परत लावलं. काही नाही.

साउंड कार्डाचा ड्रायव्हर अजून टाकायचा होता. तो नसला की आवाज अडकतो, दुमडतो, एकावर एक चढतो. मी स्वतःला तेवढं सांगितलं आणि ड्रायव्हर टाकला. डिस्क कोरी होती आणि त्या माइकमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते, हे स्वतःला सांगितलं नाही.

नेट जोडून खेळ बसवताना मी त्याच्या खात्यात डोकावले. भिडू खात्यात असणार, डिस्क पुसून ती जाणार नाही, एवढं मला कळत होतं. मला फक्त नाव पाहायचं होतं. मित्रांची यादी रिकामी होती. मागच्या सगळ्या चढायांपुढे एकच शेरा होता: साथीदार नाही, दोर कॉम्प्युटरने धरला.

सातला तो आत गेला. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला उठले.

"घाबरलो होतो मी," तो आत म्हणत होता. "वाटलं, पुसली गेलीस."

सोमवारी जेवताना मी विचारलंच. "तुझी भिडू कोण आहे?"

त्याने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसला. तेच हसणं.

"अच्छा. आता बाहेरही बोलायचं का?"

"म्हणजे?"

"तिथलं तिथे, बाहेर त्यातलं काही काढायचं नाही, ही अट तुझीच ना? मी तर पाळतोय बाबा." त्याने माझ्या ताटात पोळी वाढली. "सुरुवातीला वाटलं, काय हा बालिशपणा. शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला यायचं. पण समोरासमोर आपल्याला जमतच नव्हतं. तू वाट काढलीस."

मी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. "मी तुला काय काय सांगितलंय?"

"परीक्षा घेतेस?"

"सांग ना."

त्याने आवाज खाली आणला. "तू बॅग भरून जिन्यात बसली होतीस ते. मी झोपलो होतो. मग दूधवाला वर यायला लागला, त्याला काय सांगायचं म्हणून तू परत आत आलीस. तू हे सांगितलंस त्या रात्री रडलो मी. तू ऐकलंस की."

जिन्यातली ती पहाट मी कुणाला सांगितलेली नाही. धाकटीलाही नाही.

मी नाही ती, असं म्हणायला हवं होतं. पण तो ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होता, ती नजर मला हवी होती. ती माझ्या नावावर दुसऱ्या कुणी तरी मिळवलेली होती. माझ्या आवाजात, माझी गोष्ट सांगून, जे मला जमलं नाही ते तिने करून दाखवलं होतं. मत्सराने पोटात खड्डा पडतो म्हणतात. माझ्या तर दातांत कळ गेली.

"हो," मी म्हणाले. "मीच."

मंगळवारी मी लॅपटॉपवर तो खेळ टाकला. त्याला ती मी वाटते ना, मग मीच तिथे जाऊन उभी राहीन, असा साधा हिशेब होता. त्या खेळात कुणाच्याही डोंगराच्या पायथ्याशी जाता येतं. दोराला दोघंच, पण तिसऱ्याला खाली उभं राहून बोलता येतं.

मी पोचले तेव्हा तो वर होता. दोर ताणलेला होता. खालच्या टोकाला एक आकृती पाठमोरी उभी होती.

"डावीकडे घे," ती म्हणाली. "पायाखाली बघू नकोस. मी आहे."

माझा आवाज. पण झोप पूर्ण झालेला, घाई नसलेला.

"अरे, ऐक," मी म्हणाले. "मी बोलतेय."

दोर थांबला.

"हे कोण मध्येच?" नवरा म्हणाला.

"मी आहे. अरे, मी. पुढच्या खोलीत बसलेय. हेडफोन काढ आणि बाहेर ये."

भिंतीपलीकडे त्याची खुर्ची कुरकुरली. तो उठला असं मला वाटलं.

"कुणी का असेना," ती हळूच म्हणाली. "काढून टाक."

खुर्ची पुन्हा कुरकुरली.

माझ्या पडद्यावर पांढरी पाटी आली. या डोंगरावरून तुम्हाला काढण्यात आले आहे.

मी लॅपटॉप मिटला. भिंतीपलीकडून दोघंही हसल्याचं ऐकू आलं. त्याचा हेडफोन कानांवर होता. तिचं हसू बाहेर यायला नको होतं.

जेवायला आला तेव्हा तो खुशीत होता. "आज ती कोण घुसली होती गं? तुझी नक्कल करत होती."

"आवाज माझ्यासारखा होता?"

"आवाज? थेट."

"मग तुला कळलं कसं?"

"कळतं की." त्याने वरण ओढून घेतलं. "ती बोलायला लागली की वाटत होतं, कुणी तरी तक्रार नोंदवून घेतंय."

बुधवारी सकाळी टेबलाजवळची एक खुर्ची जागेवर नव्हती. ती मागच्या खोलीत होती, त्याच्या खुर्चीला लागून, पाठीवर धुतलेला टॉवेल घातलेली.

"ही इथे कशाला?" मी विचारलं.

"असं काय करतेस? कालच म्हणालीस ना, भिंतीपलीकडे बसून कंटाळा आला, आता आत येते म्हणून."

दिवसभर मी ऑफिसात त्या खुर्चीचा विचार केला. खुर्ची माझ्या घरातली, नवरा माझा. बोलावणं माझ्या नावाने आलेलं होतं. जी आधी बसेल तिची ती जागा, असं शेवटी ठरवलं आणि तासभर आधी घरी निघाले.

साडेसहाला मी मागच्या खोलीत गेले. खुर्ची रिकामी होती. तो मशिन सुरू करत होता. मी टॉवेल बाजूला करून त्याच्या शेजारी बसले, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

त्याने झटकन वळून पाहिलं. चेहरा उजळलेला होता. मग त्याची नजर माझ्यावर स्थिरावली आणि उजेड उतरत गेला. चुकीच्या घराची बेल वाजवणाऱ्याशी आपण वागतो, तितक्या सौजन्याने तो हसला.

"अच्छा, तू होय," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहत राहिला.