लाळ-खुरकुताच्या चारशे कुप्या

"माझ्याच विद्यार्थिनीनं माझी लस नासवली," खुर्चीत बसायच्या आधीच डॉ. राजशेखर म्हणाले. "आज चार वाजता पायलला काढतोय. त्याआधी पुरावा हवा."

गुप्तहेर श्रीदेवी हिरेमठ यांनी नुसती मान हलवली. त्यांचे सहायक बिरप्पा, निवृत्त हवालदार, यांना मात्र गुन्हेगार सापडलाही. घाई बघा!

लस होती जनावरांच्या लाळ-खुरकुतावरची. एका निरुपद्रवी विषाणूचं पोकळ कवच, त्यावर लाळ-खुरकुताच्या विषाणूचे नेमके तुकडे बसवलेले. जनावराच्या अंगाला शत्रूची ओळख पटते, रोग मात्र होत नाही. शनिवारी चारशे कुप्या उत्तम होत्या. सोमवारी सगळ्या निकामी. प्रयोगशाळेच्या किल्ल्या दोघींकडेच, पायल आणि मदतनीस चंद्रव्वा.

प्रयोगशाळेत पायल रडत बसली होती. "रविवारी मी अकलूजला घरी होते. सर काही ऐकूनच घेत नाहीत."

"तिला पुण्याची नोकरी आलीय," राजशेखर करवादले. "इथलं काम बिघडवून जायचं असेल."

चंद्रव्वा साठीच्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं पोलिओचे डोस सांभाळून इथं आलेल्या. "रविवारी दिवसभर लाईट न्हवती. मी धावत आले की! लई जीव हाय माजा ह्या बाटल्यांवर."

फ्रिजच्या नोंदीत पारा नऊच्या वर गेला नव्हता, म्हणजे लस उष्णतेनं बिघडली नव्हती. शेजारी बर्फानं भरलेला डीप फ्रीझर. कुप्यांच्या लेबलांवरची शाई ओघळलेली. श्रीदेवींनी एक कुपी हलवून ठेवली, सोबत आधीच्या खेपेची एक चांगली कुपी. चहा होईपर्यंत पहिलीच्या तळाशी पांढरा गाळ बसला. दुसरी अजून दुधाळच होती.

"पोरीनं उन्हात ठेवल्या असतील," बिरप्पा म्हणाले.

"उन्हानं असा गाळ बसत नाही. कुप्या गोठल्या होत्या. बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटलं, शाई ओघळली. गोठली की लसीतले कण गोळा होऊन तळाशी बसतात, आणि ही लस संपते. पायल अकलूजला होती. मग आलं कोण? डॉक्टर, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरही नाही." त्या वळल्या. "चंद्रव्वा, कुप्या बर्फात ठेवल्यात ना?"

"व्हय की! पोलिओचे डोस तसेच ठिवायचो, एक वाया न्हाय गेला. सोमवारी सकाळी परत फ्रिजमदी लावल्या." मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. "अय्यो! काय केलं मी?"

"पोलिओच्या थेंबांना बर्फ मानवतो, ह्या लसीला नाही," श्रीदेवी हळूच म्हणाल्या. "तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही, हे वाईट झालं."

राजशेखर पायलकडे वळले. "तुझी जागा तशीच आहे. आपण पुन्हा करू."

"मावशींना काढू नका, सर. मी मात्र थांबत नाही." पायलनं पिशवी उचलली. "पुण्याची नोकरी मी महिन्यापूर्वीच नाकारली होती. ही लस पुरी करायची होती म्हणून. एकदा विचारायचं तरी होतं."