मुख्याध्यापिकेची आई

“शालूबाई, इथं सही करा,” मुख्याध्यापिका राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, आणि कागद पुढे सरकवताना त्यांनी मान वर केली नाही...

शालूबाईंनी सही केली. पोटच्या पोरीच्या हातून कामावरून कमी केल्याचा कागद घेताना त्यांनी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. शाळेच्या समितीचे अध्यक्ष महिपती समोर बसले होते. मॅडमची आई मॅडमच्या टेबलापुढे रडली, असं गावात व्हायला नको होतं.

औंढ्यापलीकडच्या त्या वाडीतल्या शाळेत मुलांसाठी भात-आमटी रांधायचं काम शालूबाई सोळा वर्षं करत होत्या. तळेगावात दिलेली त्यांची लेक दोन वर्षांपूर्वी त्याच शाळेवर मुख्याध्यापिका होऊन आली, आणि पहिल्याच दिवशी व्हरांड्यात तिनं “आई” म्हणून हाक मारली, तेव्हा शालूबाईंनीच तिला बाजूला घेऊन समजावलं, की हितं तू मॅडम आन् मी सैपाकीण, न्हाईतर लोक म्हनतील घरचाच कारभार मांडलाय. लेकीनं ऐकलं. इतकं ऐकलं, की ती हाक हळूहळू घरीही येईनाशी झाली. शाळा सुटली की तळेगावची गाडी. तिथं सून म्हणून तिची वाट पाहणारं दुसरं घर होतं... आणि इकडे त्या एका हाकेसाठी शालूबाईंचं अंतःकरण व्याकूळ होऊन जाई!

अशातच ते घडलं. आमटीचं पातेलं उतरवून शालूबाई जरा बाजूला गेल्या आणि दुसरीतल्या एका मुलीचा हात पोळला. हात बरा होईल असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी चौकशी झालीच. गरम पातेलं उघडं टाकून कुठं गेला होता, असं राजेश्वरीनं सगळ्यांसमोर विचारलं.

“पानी प्यायला गेलते,” शालूबाई म्हणाल्या.

खरं काय ते त्यांना ठाऊक होतं आणि शिक्षिका अश्लेषाबाईंना. त्या सकाळी ऑफिसात राजेश्वरी चक्कर येऊन कोसळली होती. खिडकीतून ते दिसताच शालूबाई हातातला डाव टाकून धावल्या, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या ओठांना पाणी लावलं, आणि तिला दिवस गेलेत हे त्यांच्या नजरेनं तिथंच ओळखलं... तेवढ्यात अश्लेषाबाई आत आल्या आणि बाहेर किंकाळी उठली, तशा लेकीला त्यांच्या हाती सोपवून शालूबाई तिकडे धावल्या. राजेश्वरीनं डोळे उघडले तेव्हा जवळ फक्त अश्लेषाबाई होत्या. खरं बोललं तर सगळा ठपका लेकीवर जाईल, म्हणून शालूबाईंनी अश्लेषाबाईंना शपथ घातली होती.

काम गेलं. शाळेच्या कुंपणामागंच घर. दुपारी मुलांची ताटं वाजली की शालूबाई हातातला घास परत ताटात ठेवत. कुंपणातून लेकीची जड होत चाललेली चाल दिसायची. सातव्या महिन्यात तळेगावला डोहाळजेवण झालं. बोलावणं जावयाचं, श्रीयशरावांचं आलं. शालूबाई ओटी भरून आल्या. लेक पाया पडली, बोलली मात्र नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि विचारायचा त्यांना धीर झाला नाही...

मग एके दिवशी शाळेत राजेश्वरी अश्लेषाबाईंना म्हणाली, की माझ्या आईला पाच मिनिटं तहान आवरली नाही, आणि मला सगळ्यांपुढे मान खाली घालावी लागली. अश्लेषाबाईंना राहवलं नाही. त्यांनी शपथ मोडली.

दोन दिवसांनी पालकांची सभा बसली. शालूबाईंनाही निरोप आला. आता आणखी काय कमी व्हायचं राहिलं, असं मनाशी म्हणत त्या मागे जाऊन बसल्या. राजेश्वरी उभी राहिली.

“त्या दिवशी ही पाणी प्यायला गेली नव्हती. मला पाजायला आली होती. ही माझी आई आहे. ज्या मुलीचा हात पोळला, तिच्या घरच्यांची माफी मी मागते. वरच्या ऑफिसला मी तसं लिहून कळवलंय.”

पोळलेल्या मुलीच्या आईनं उठून, लेकीचा हात बरा झालाय, एवढंच सांगितलं. महिपती म्हणाले, शालूबाईंच्या कामाचं बघू. पण त्या जागी आलेल्या येसूबाईंच्या घरात तेवढीच मिळकत होती, म्हणून शालूबाईंनीच मान हलवून नको म्हटलं.

घरी येताच मात्र त्या लेकीवर रागावल्या. “माजं गेलं ते गेलं. तुज्या नोकरीला डाग कशापायी लावलास?”

“तू आई झालीस म्हणून तुझं काम गेलं,” राजेश्वरी म्हणाली. “मला एकदा तरी लेक होऊ दे.” मग तिनं पायरीवर चपला काढल्या, आणि लहानपणच्या बोलीत हळूच म्हणाली, “आई, तळेगावला त्यास्नी सांगून आलेय. बाळंतपन हितंच करायचं.”

आत जाऊन शालूबाईंनी खाटेवर दोन गोधड्या अंथरल्या, उशी झटकली, खिडकी उघडली... आणि मग त्याच खाटेच्या कडेला बसून, इतक्या महिन्यांचं सगळं, पदर तोंडाशी न लावता मोठ्यानं रडून घेतलं.