भुरीचं रक्त

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. कुठं माळवदावर फिजिक्स, तर कुठं चक्क गोठा झाडून त्यात केमिस्ट्री! असल्याच एका क्लासच्या खाली डॉक्टर साबेराचं मांजरांचं घर होतं. वर पोरं सूत्रं घोकायची, खाली मांजरं दूध चाटायची आणि साबेरा त्या गलक्यात खुशाल आपलं काम करायची.

काम मात्र जिवाचं होतं. माणसाच्या एड्ससारखा एक आजार मांजरांनाही होतो. माणसाला तो लागत नाही, पण मांजर झिजून झिजून जातं. देगलूरकडून आणलेली तिची सहा मांजरं अशीच झिजत चालली होती. भुरी नावाच्या सातव्या मांजरीच्या अंगात मात्र तोच विषाणू असून तिला ढिम्म काही होत नव्हतं. म्हणून साबेरा भुरीच्या रक्तातला रोगाशी लढणारा निवळ भाग काढून त्या सहांना टोचायची. आणि काय सांगावं, मांजरं सावरायला लागली! लंगडा बोका तर शेपूट ताठ करून मिरवायला लागला. उन्हाळ्यापर्यंत असंच टोचत राहिलं की बेडा पार, या विचारानंच ती हरखून जायची.

भुरी भूकंपातली. किल्लारीकडच्या ग्यानोबाचं घर पडलं, बायको सरजाबाई त्यात गेली, मांजर तेवढी वाचली. पत्र्याच्या शेडात तिचे हाल नकोत म्हणून त्यानं ती साबेराकडं ठेवली होती. भूकंपापासून भुरी छपराखाली घास खात नसे. तोंडात धरून पुढच्या अंगणात नेई.

एक दिवस मागच्या खोलीतल्या लंगड्या बोक्यानं आपला घास उचलून मागच्या परसात नेला. मग बाकीच्यांनीही. भुरी पुढं वेगळी असायची, त्यांनी तिला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. उकडत असेल, अशी साबेरानं मनाची समजूत घातली. थंडी पडली होती तरी.

त्याच आठवड्यात ग्यानोबा पिशवी घेऊन दारात उभा.

"बाई, घर मिळालं बगा नवं. भुरीला न्यायला आलो."

साबेरानं हातातली सुई खाली ठेवली. "मामा, आत्ता नका नेऊ. तिच्याबिगर ही सहाच्या सहा मरतील हो."

"माज्या घरातलं तेवढंच ऱ्हायलंय की वो."

तिनं आतली सगळी दारं उघडली. ग्यानोबानं पिशवीतून चांदीचं कडं काढलं. सरजाबाईच्या हातातलं.

"ती भाकरी कुस्करून असंच बोलवायची," म्हणत त्यानं अंगणातल्या परातीच्या काठावर कडं वाजवलं.

भुरी धावत आली. तिच्यामागून आतली सहाही आली. तीच परात साबेरानं कितीदा बडवली होती. एकानं कधी मान वळवली नव्हती.

पण ती ग्यानोबाकडं गेली नाहीत.

त्याच्या डाव्या हाताला, मोकळ्या फरशीवर, सातही जणं गुरगुरत घोटाळू लागली. अंग घासत होती, डोकी रेटत होती. मधे दोन पावलांपुरती जागा रिकामी होती.

वर पोरं घोकत होती.

ग्यानोबा थोडा बाजूला सरकला. त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा कधी नव्हे तो निवांत झाला होता.

"ऱ्हाऊ द्या भुरीला," तो म्हणाला. "हितं बरं हाय."

कडं खिशात घालून त्यानं औशाची बस धरली. साबेराला हायसं वाटलं. मांजरं वाचली होती, बाकीचं मागाहून बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुई भरत होती. अंगणात परातीवर कडं वाजलं.

मांजरं उठून गेली. तीही गेली.

सात डोकी परातीत खुपसलेली. लंगडा बोका मिटक्या मारत होता. दुधात भाकरी कुस्करलेली होती, बारीक, मायेनं. साबेरानं बोट लावून पाहिलं. गरम होती.

मांजरांच्या त्या घरात चूल नव्हती.