बाकावरची चोविसावी

ही गोष्ट २०४१ सालची. मी तेव्हा दहावीत होते. पुढं कुठं शिकायचं ते डोळ्यांनी पाहून ठरवा, असं म्हणून मुळीकबाई आम्हा माणदेशातल्या चोवीस मुलींना एका कृषी विद्यापीठात घेऊन गेल्या होत्या.

विद्यापीठ दाखवायला एक यंत्रमानव होता. नाव वाटाड्या. बियाणे भांडाराच्या दारात बाई म्हणाल्या, "चपला बाहेर काढा गं."

"चपला चालतील," वाटाड्या म्हणाला.

"तुला चालतील. विद्येच्या घरात आम्हाला नाही चालत."

आम्ही अनवाणीच आत गेलो. फरशी बर्फासारखी गार. एकही खिडकी नाही आणि कुठूनतरी सतत घूं घूं आवाज. बाकांवर बसून माहिती ऐकली. निघताना बाईंनी डोकी मोजली.

"तेवीस."

"चोवीस," वाटाड्या म्हणाला.

बाईंनी पुन्हा मोजली. तेवीसच.

"चोवीस," पुन्हा तोच सपाट आवाज.

"दाखव बघू."

त्याच्या छातीवरच्या पडद्यावर आम्ही सगळ्या केशरी दिसत होतो. आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या बाकावर आणखी एक जण बसलेली होती. तिला डोकं नव्हतं. ती हळूहळू विरत चालली होती.

"बाई, भूत!" तारामती किंचाळली.

"गप गं! भूत कशाला सहलीला येतंय?" बाई म्हणाल्या.

त्या जागी सगुणा खरात बसली होती. मी भीत भीत बाकावर हात ठेवला. बाक कोमट होता.

"बाई, सगुणा कुठाय?"

"वाटाड्या, तू नक्की काय मोजतोस?" बाईंनी विचारलं.

"अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, प्रत्येक उबदार वस्तूतून तो बाहेर पडतो). शरीर जिथं टेकतं, तिथं थोडी ऊब सोडतं. ती जागा निवेपर्यंत मला दिसत राहते. म्हणजे मी माणूस नाही, माणसाची ऊब मोजली. चूक झाली."

"मग फरशीकडे बघ!" मी ओरडले. "ती अनवाणी आहे!"

पडद्यावर आमच्या घोळक्यापासून एकटीच दूर गेलेली पावलं उमटली. पाची बोटं स्पष्ट. पुढची पुढची अधिक ठळक होत ती एका पोलादी दारापाशी संपली. शीतकोठार. आत उणे अठरा अंश.

"आत मला कुणी दिसत नाही," वाटाड्या म्हणाला.

"दार जाड आहे ना! आतली ऊब बाहेर येणार कशी?" मी म्हणाले.

बाईंनी दार ओढलं. आतली कडी गोठली होती. सगुणा कोपऱ्यात मुटकुळं करून बसली होती, पापण्या पांढऱ्या पडलेल्या. छातीशी एक डबी.

"हिच्यावर आमच्या गावाचं नाव आहे," ती थरथरत म्हणाली. "आज्याच्या शाळू ज्वारीचं बी आहे बाई. आता कुठंच मिळत नाही."

बाईंनी तिला पदरात गुंडाळलं आणि मग भरपूर रागावल्या.

सगुणा पुढं त्याच विद्यापीठात शिकली. तो शाळू आज चौदा गावांत पिकतो. तारामती सरपंच झाली. भुताचं नाव काढलं की अजून चिडते. बाई एक्क्याण्णवाव्या वर्षी गेल्या. वाटाड्या त्या दिवसानंतर श्वासही तपासून माणसं मोजू लागला. पुढं तो जुना झाला आणि त्याला मोडीत काढलं.

मी पदार्थविज्ञान शिकले. दरड कोसळली की माणसं शोधणाऱ्या पथकांसाठी उष्णता पाहणारे यांत्रिक डोळे बनवले. त्यांना तासाभरापूर्वीचं पाऊल दिसतं. दिवसभरापूर्वीचं अजून दिसत नाही. ते तुमच्यापैकी कुणाला तरी जमेल.