कोरड्या दिवसांतला खड्डा

पाऊस जाऊन कितीतरी आठवडे लोटले होते. आभाळ निरभ्र, अंगणं ठणठणीत कोरडी. तरीही रोहिणीनगरात, पाण्याच्या टाकीसमोर, रस्त्याला पुन्हा खड्डा पडला होता. दिवाळीत बुजवला होता तो, त्याच्या आधीही बुजवला होता. पुढचा-मागचा रस्ता गुळगुळीत, आणि खड्डा नेमका तिथेच. असं का?

शाल्मलीला मात्र आत्ता उत्तर नको होतं. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं. सकाळी त्याच खड्ड्यात बाबांची स्कूटर आदळली होती. व्हायोलिन शिकवणारे तिचे बाबा आता उजवा हात प्लॅस्टरमध्ये घेऊन पडले होते. "बोटं हलतायत ना, मग झालं," असं ते म्हणाले खरे, पण म्हणताना त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

ती तरातरा खाली आली. फाटकापाशी शेजारचे गुर्जरकाका उभे होते.

"रस्ते असेच असायचे गं," ते म्हणाले. "परवा माझीही गाडी आपटली."

"मग तुम्ही तक्रार केलीत?"

"ग्रुपवर टाकलं होतं की!"

"ग्रुपवरचे लोक येऊन खड्डा बुजवणार आहेत का, काका? तुम्ही परवाच कळवलं असतंत तर माझे बाबा पडले नसते!"

काकांचा चेहरा पडला. शाल्मलीला त्याचंही काही वाटलं नाही.

संध्याकाळी वसुधाआत्या भावाला बघायला आली. ती रस्त्यांच्या बांधणीवर संशोधन करायची. तिच्याबरोबर टिटवी होती. टिटवी म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचा, काटकुळ्या पायांचा यंत्रमानव. चालता चालता जमिनीत लहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींवरून आतलं चित्र काढायचं, हे तिचं काम.

"चल, खड्ड्यालाच विचारू," आत्या म्हणाली.

खड्ड्याभोवती चक्कर मारून टिटवी बोलू लागली. "रस्ता म्हणजे नुसतं डांबर नव्हे. सगळ्यात खाली दाबलेली माती. तिच्यावर पायाथर (गाड्यांचा भार पसरवणारा खडीचा थर). आणि वर डांबराचं आवरण. डांबर हे बंधक (खडीचे तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवणारा पदार्थ) आहे. ते पाणी आत जाऊ देत नाही. पण त्याला भेग पडली की पाणी शिरतं."

"पाणी तर मऊ असतं. ते दगड कसे उखडणार?" शाल्मली फणकारली.

आत्याने गाडीतून इंजेक्शनची रिकामी पिचकारी काढली, पाण्याने भरली आणि तिच्या हातात दिली. "तोंड बोटाने बंद कर आणि दांडा दाब."

शाल्मलीने जोर लावला. दांडा हलेना. बोट जरासं सरकलं आणि पाण्याची चिळकांडी थेट आत्याच्या चष्म्यावर उडाली.

"पाणी दाबून लहान होत नाही," चष्मा पुसत आत्या म्हणाली. "भेगेतल्या पाण्यावर चाक आलं की ते असंच जोरात बाजूला धावतं आणि खडी सैल करतं. चाक पुढे गेलं की गढूळ होऊन वर येतं, बारीक माती घेऊन. दर गाडीमागे थोडी थोडी. आत पोकळी होते, वरचं डांबर अधांतरी राहतं आणि एक दिवस खचतं."

"पण आता पाऊस कुठे आहे?"

टिटवीच्या छातीवरच्या पडद्यावर चित्र उमटलं. रस्त्याखाली एक काळी रेघ आणि तिच्याभोवती निळा डाग. "पाणी खालून येतंय. टाकीची जलवाहिनी गळते आहे. ओल्या खडीला डांबर धरत नाही, म्हणून बुजवलेलं दरवेळी निघतं."

शाल्मलीच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. म्हणजे दरवेळी चिखलावर नुसतं झाकण घातलं होतं!

तिने तिथेच नगरपालिकेच्या तक्रारकेंद्राला फोन लावला. "आमचा रस्ता खराब आहे," असं सांगताच आत्याने तिला थांबवलं. "कुठला रस्ता? किती मोठा खड्डा? त्यांना घरबसल्या दिसलं पाहिजे." मग शाल्मलीने टाकीची खूण सांगितली, खड्ड्याशेजारी आपली चप्पल ठेवून फोटो काढला म्हणजे आकार कळेल, त्याला टिटवीचं चित्र जोडून दोन्ही केंद्राच्या क्रमांकावर पाठवलं, आणि कोरड्या दिवसांत ओल आहे हे आवर्जून नोंदवलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला.

दोन दिवसांनी उत्तर आलं : 'काम पूर्ण. तक्रार बंद.' खड्डा होता तिथेच होता.

"खोटं!" शाल्मली किंचाळली. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तोच क्रमांक देऊन तक्रार पुन्हा उघड," बाबा पलंगावरून म्हणाले. "आजचा फोटो जोड. आणि एकटी नको, सगळ्यांना घे."

ती घरोघरी गेली. सगळ्यात आधी गुर्जरकाकांनी तक्रार नोंदवली. मग एकेक करत अख्ख्या गल्लीने नोंदवली, रस्ते विभागाकडेही आणि पाणी विभागाकडेही. तेवढ्यावर न थांबता काका शाल्मलीला घेऊन प्रभाग कार्यालयात गेले आणि साहेब येईपर्यंत बाकावरून उठले नाहीत.

अखेर रस्ता खणला गेला. ते बघायला आत्या टिटवीला घेऊन आली होती. जलवाहिनीला बोटभर लांबीची चीर होती. ती सांधली गेली. कामावरच्या अभियंता, तडवी मॅडम, डांबर मागवणार इतक्यात शाल्मली पुढे झाली. "माती अजून ओली आहे. आणि रोलर कुठे आहे?"

"उद्या येईल," मॅडम जरा त्रासून म्हणाल्या.

"मग डांबरही उद्याच टाका. नाहीतर हा पुन्हा खचेल, आणि कुणीतरी पुन्हा पडेल."

मॅडमनी वाकून माती चिमटीत धरली. मग त्यांनी मजुरांना हात केला. "ओली माती काढा. उद्या रोलर आला की कोरडा मुरूम भरून थराथराने दाबू. डांबर त्यानंतर. कठडे लावा सगळीकडून."

परतताना आत्या म्हणाली, "आमच्या प्रयोगशाळेत डांबरात विणायचे धागे तयार होतायत. ओल लागली की रस्ता स्वतःच तक्रार नोंदवेल."

"आणि ती कुणी बघितल्याशिवायच बंद केली तर?"

"तेवढं आम्हाला अजून जमलेलं नाही," आत्या म्हणाली.

"मग ते मी बघते," शाल्मली म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता. पुढच्या चौकात एका भेगेपाशी ती थांबली, आणि तिने टिटवीला हाक मारली.