आवडाबायची मान

पारखीनं तिसऱ्यांदा चौतीस आकडा दाखवला, तेव्हा चांगुणाबाय घरत बांधावर बसल्या बसल्या मनापासून हसली.

"यंत्राला अक्कल हाय हो," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ही पोरगी माझी आय? हिला आमच्या खाडीचा वारा लागला तर धरून ठेवायला दोन गडी लागतील."

पोरगी म्हणजे मैथिली कारखानीस. तीन सिनेमे गाजलेली नटी, पण आत्ता मिठाच्या वाफ्यात घोटाभर पाण्यात उभी होती आणि लाकडी फळीनं मीठ ओढताना तिच्या तळहाताला फोड आले होते. गेले तीन आठवडे ती चांगुणाबायच्या घरी राहत होती, तिच्यासारखं लुगडं नेसत होती, तिच्या शिव्या खात होती. दिवेखार गावात आता चारच वाफे उरले होते, तेही शाळेच्या सहलींना दाखवायला ठेवलेले. बाकी सगळ्या आगरावर, म्हणजे मिठागरांवर, उंच इमारती आल्या होत्या.

सिनेमा चांगुणाबायच्या आईवर होता. ज्या वर्षी समुद्रानं खारं पाणी अडवणारा खारबांध फोडला, त्या वर्षी आवडाबायनं गावातल्या बायका गोळा करून दोन भरत्यांच्या मधल्या वेळात ते भगदाड बुजवलं होतं. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिला पाहिलेलं माणूस गावात एकच उरलं होतं, अठ्ठ्याहत्तर वर्षांची चांगुणाबाय.

आणि पारखी ही तिपाईवर ठेवलेली तळहाताएवढी काळी काच. यंत्रानं बनवलेले चेहरे इतके माजले होते की लोकांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला होता. म्हणून नियम आला. सिनेमाला 'सत्यकथा' म्हणवून घ्यायचं तर नटाचं रूप, रंग, चाल त्या काळच्या, त्या मुलखातल्या खऱ्या माणसांच्या नोंदींशी ताडून बघायची. साठाच्या वर आकडा आला तरच शिक्का.

"मग आता काय? दुसरी आणणार?" चांगुणाबायनं विचारलं.

"नाही, आजी. मुखलेप लावू," दिग्दर्शक सुमेध बोरकर म्हणाला. "काम मैथिलीच करील. पडद्यावर मात्र यंत्र तिच्यावर दुसरा चेहरा चढवील. गाल बसलेले, डोळे थकलेले, मान खाली."

"मान कशाला खाली?"

"पारखीचा मोठा आक्षेप तोच आहे. मैथिली मान वर ठेवून चालते. खारपट्टीतल्या कष्टकरी बायका तशा चालत नसत, असं यंत्र म्हणतं."

चांगुणाबायचं हसू मावळलं. ती उठली, टोपली मागवली, काठोकाठ मीठ भरून घेतलं आणि दोघा माणसांकरवी ती मैथिलीच्या डोक्यावर चढवली.

"चाल बाय. आता घाल मान खाली."

मैथिलीनं मान झुकवली मात्र, टोपली कलली आणि सगळं मीठ चिखलात.

"बघितलंस का रे शहाण्या? असल्या टोपल्या दिवसभर वाहायच्या. मान घालणारी बाय आमच्या आगरात तासभर टिकली नसती. तुझ्या काचेला हे शिकवलं कोणी?"

"फोटोंनी," सुमेध ओशाळून म्हणाला. "बांध फुटला तेव्हा मदत वाटायला आलेल्या अधिकाऱ्यांनी काढलेले. पाच गावांतल्या दोनशे बारा बायका. या किनाऱ्याच्या दुसऱ्या नोंदीच नाहीत. तुमच्या आईचाही आहे त्यात. बघायचाय?"

चांगुणाबाय काचेपाशी सरकली. आईचा फोटो आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

काचेत एक बाई उमटली. चेहऱ्यावर राख फासल्यासारखी कळा, गळा मोकळा, कपाळ पांढरं, मान खाली. शेजारी रडवेली पोर. खालचं नाव चांगुणाबायनं एकेक अक्षर लावत वाचलं. आवडा घरत. मग तिनं त्या पोरीकडे पाहिलं, आणि पाठीत चिमटा बसल्यासारखी ती दचकली.

"राख फासल्यासारखी नाय," ती हळूच म्हणाली. "राखच हाय ती. चुलीतली."

"म्हणजे?"

"आधल्या दिवशी साहेब पलीकडच्या गावात गेले होते. तिथल्या बायका पाहुणे येणार म्हणून वेण्या घालून, फुलं माळून उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, तुमचं तर बरं चाललंय. एक पोतं नाय दिलं. ते ऐकलं आणि पुढच्या आमच्या पाचही गावांतल्या बायकांनी रातोरात फुलं काढली, चुडा उतरवला. आयनं कुंकू पुसलं. बाप जिवंत असताना! तो बिचारा भिंतीकडे तोंड करून बसला. मला हसू आवरेना, तर आय म्हणाली, दात दिसले तर याद राख. हा बघ तिचा हात माझ्या पाठीमागं. चिमटा काढतेय."

मैथिली वाफ्यातून धावत बाहेर आली. "म्हणजे या सगळ्या अभिनय करत होत्या?"

"तुझ्यापेक्षा बरा!"

सुमेध मात्र गंभीर झाला. "आजी, ही साक्ष नोंदवली तर हे फोटो बनावट ठरतील. बनावट ते पुसायचं असा नियमच आहे, आईचासुद्धा कायमचा पुसला जाईल. आणि गावानं सरकारला फसवलं असं लिहिलं जाईल."

"फसवलं? आमच्या घराघरात समुद्र शिरला होता रे. भूक खरी होती. साहेबाला ती दिसत नव्हती, म्हणून दाखवावी लागली."

पण बोलता बोलता तिची नजर पुन्हा काचेकडे गेली. इतक्या वर्षांनी आय दिसली होती. राखेतली का होईना, आय होती. नाय सांगितलं तर ती राहील. पण मग जगभर पडद्यावर अशीच राहील, मान घालून.

तिनं काचेवरून अंगठा फिरवला, नाक ओढलं आणि म्हणाली, "घे लिहून."

साक्ष झाली. एकामागून एक दोनशे बारा बायका काचेतून विझल्या. मग तिथं अक्षरं आली, ती सुमेधनं वाचून दाखवली, "तुलनेस नोंद शिल्लक नाही. जिवंत साक्षीदाराने सांगावे. ही स्त्री आवडा घरत यांच्यासारखी दिसते का? होय अथवा नाही."

मैथिली समोर येऊन उभी राहिली. चांगुणाबायनं डोळे मिटले आणि आईला हाक घातली. आली ती. पहाटे वाफ्यातलं पाणी निवांत असायचं, त्यात वाकून आय कुंकू नीट करायची, अंबाड्यात सोनचाफा खोवायची. बघायला तिथं बगळ्यांशिवाय कुत्रं नसायचं, तरी. पाण्यात तोंड दिसायचं, गोल, हसरं...

चांगुणाबायनं घाबरून डोळे उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा तेच. चाफा आईचा, कुंकू आईचं, पण पाण्यातलं नाक सरळ, टोकाशी जरा वर उचललेलं. मैथिलीचं.

"आजी, होय म्हणू का?" सुमेधनं विचारलं.

चांगुणाबायनं मैथिलीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. तिच्या नाकाच्या टोकावरून बोट फिरवलं.

"खरं सांग गो बाय," ती शेवटी म्हणाली. "आय तुझ्यासारखी दिसायची, का मीच तिला तुझं तोंड द्यायला लागले?"