जुन्या गावठाणातली फेरी

लातूरच्या कोचिंग क्लासमधली पोरं वर्षभर पुस्तकात डोकं घालून बसत. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी गणिताच्या श्रीपाद सरांनी त्यांची एका दिवसाची सहल काढली. औशाच्या पुढं एका बागेत घोड्यावरून झाडीतनं फिरवून आणतात, असं त्यांना कळलं होतं. फिजिक्सच्या श्रद्धा मॅडमनी गावाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. ती बाग त्यांच्याच जुन्या गावाच्या जागेवर होती.

विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला तेव्हा श्रद्धा नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकत होती. परीक्षेमुळं त्या वर्षी गणपतीला घरी गेली नाही, म्हणून वाचली. आई, बाबा आणि धाकटा शिवशंकर गेले. पुढं गाव दुसरीकडं वसलं, जुन्या जागेवरचा मलबा उचलला, झाडं लागली. दहा वर्षं ती तिकडं फिरकली नव्हती.

घोडेवाल्या वीरभद्रनं तिला एक तांबडी घोडी दिली. "लई गरीब हाय, मॅडम. औंदा माळेगावच्या यात्रेतून आणली. तुम्ही निस्तं बसा."

पोरं हसत-खिदळत पुढं निघाली. वाळल्या गवताचा वास, खोगिराची करकर, कोवळं ऊन. श्रद्धा गाव शोधत होती, पण सगळीकडं नुसता कडुलिंब आणि सुबाभूळ.

थोड्या वेळानं घोडी वाट सोडून मोकळ्या गवतात शिरली. चार पावलं सरळ, मग काटकोनात उजवीकडं. पुढं रिकाम्या जागेला वळसा घालून डावीकडं. लगाम ओढला तरी ती ऐकेना.

तिसऱ्या वळणाला श्रद्धाच्या ध्यानात आलं. ही मडिवाळप्पाची गिरणी. हा हापसा, इथं कायम चिखल. कोरड्या जमिनीवर घोडी पाय उचलून उचलून टाकत होती.

तिला भीती वाटली नाही. कितीतरी वर्षांनी छाती हलकी झाली. पुढं त्यांचा अरुंद बोळ. भिंतीला घासू नयेत म्हणून तिनं गुडघे आपोआप आत घेतले. शेंगदाणे भाजल्याचा वास आला, स्टोव्हची घरघर ऐकू आली.

घोडी थांबली. डाव्या हाताला घराचं दार.

श्रद्धानं रिकिबीतून पाय काढला. वाकून बुटाची नाडी सोडली. बूट खाली पडला, आणि ती उतरू लागली.

घोडीची कातडी थरथरत होती.

"मॅडम, कुठं चाललात?" लांबून श्रीपादची हाक आली.

पाय जमिनीला टेकायचा तेवढा राहिला होता. श्रद्धानं तो वर घेतला, पुन्हा खोगिरात बसली. आणि घोडी, आजूबाजूला सगळं रान मोकळं असताना, न वळता उलट्या पावलांनी बाहेर आली.

सगळे परत आले तेव्हा श्रद्धाच्या एका पायात बूट नव्हता. तिनं जागा सांगितली आणि वीरभद्र चालत गेला. त्याला यायला बराच वेळ लागला.

"सापडला का?" श्रीपादनं विचारलं.

"हाव." तो श्रद्धाकडं बघत नव्हता. "तिथं दुसऱ्या बी चपला व्हत्या, मॅडम. बायकांच्या, लेकरांच्या. वळीनं लावलेल्या. कुणाची सहल आली म्हणून हाका मारल्या. कोण न्हाई."

श्रद्धानं बूट हातात घेतला. तळ ओला होता, आणि त्याला ताजा गुलाल चिकटला होता.